आईच्या नावाचा रकाना

मुकुंदवाडी, छ. संभाजीनगर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सखूस,

वहिनीचे आशीर्वाद. मल्हारदाजींना नमस्कार आणि तुझ्या रामेश्वरच्या पाठीवर एक थाप. इकडे आम्ही तिघं धड आहोत. तिकडची माणसं, मेंढरं आणि भुंकून भुंकून घसा बसलेलं तुझं ते कुत्रं, सगळी धड असतील असं धरून चालते.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुमच्या तळावर फोन एकच, तोही रामेश्वरच्या खिशात, आणि तो उचलला रे उचलला की स्पीकर लावतो. मग मी बोलते ते तू ऐकतेस, दाजी ऐकतात आणि ज्याच्या रानात मेंढरं बसवलीत तो शेतकरीही कान देऊन ऐकतो. म्हणून हे पत्र बन्सीच्या हाती देते. तो परवा मेंढरांची औषधं टेम्पोत घालून गोदेकाठी, गंगथडीला निघालाच आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. प्रांजलीच्या पहिलीच्या पुस्तकावर तू वाचायला शिकलीस, पण जोडाक्षर आलं की अजून थांबतेस आणि नुसते ओठ हलवतेस, ते मी पाहिलंय. थांब खुशाल. घाई कुणाला आहे?

पिशवीत तुझ्यासाठी स्वेटर आहे, शहागंजातून घेतलाय. रंग आवडला नाही तर आतून घाल. दाजींसाठी कानटोपी आहे. ते घालणार नाहीत, ते ठाऊक असूनही पाठवते.

तुझ्या दादाचं नेहमीचंच. गुडघा दुखतो, पण डॉक्टरकडे जात नाहीत. येत्या मे महिन्यात कंपनीतून रिटायर होतील. पेन्शन नाही, काही नाही, तरी रोज सकाळी गणवेशाला अशी इस्त्री करतात की जणू काल कामाला लागलेत. मी बोलले तर म्हणतात, "शेवटच्या दिवशी बी चुरगळलेला नाय जाणार."

आता प्रांजलीचं. दहावीचं वर्ष म्हणून मी टीव्हीवर कापड घातलंय. दादा कापड वर करून, आवाज बंद ठेवून बातम्या बघतात. पोरगी आपली आपण अभ्यासाला बसते. मला ओरडायला जागाच ठेवत नाही, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं होतं. जनावरांची डॉक्टर व्हायचं तिचं पक्कं आहे. उन्हाळ्यात तुमच्याकडून आली तेव्हा म्हणाली, "मामी, डॉक्टर येस्तोवर मेंढी मरून जाती. मग मीच तळावर असले तर?" मी म्हटलं, डॉक्टर झाल्यावर तळावर कोण राहतं गं? तर म्हणाली, "मी."

तिच्या शाळेतल्या सुकेशनी मॅडम तुला आठवत असतील, आखाडात आली होतीस तेव्हा तुझा हात धरून बोलत बसल्या होत्या त्या. बाई स्वतः शिष्यवृत्तीवर शिकल्या, म्हणून आठवीपासूनच मुलींच्या मागं लागल्यात. पालकसभेत म्हणाल्या, "शिष्यवृत्तीची तयारी बारावीनंतर करायची नसते. बारावीनंतर नुसतं रांगेत उभं राहायचं असतं. तयारी आत्ता." प्रत्येक मुलीला एक प्लास्टिकची फाईल करायला लावली. मी पहिल्या ओळीत बसले होते. क्रांती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात सोळा वर्षं मी लोकांचे फॉर्म भरते. उत्पन्नाचा दाखला कुठं, रहिवासी कुठं, फोटोत कान दिसले पाहिजेत की नाही, सगळं तोंडपाठ. बाकीच्या बाया मॅडमना सोडून मलाच विचारत होत्या. मी भरलेला फॉर्म चुकीचा म्हणून परत आला असं आजवर झालेलं नाही, हे तुलाही माहीत आहे.

तर मॅडमनी पुण्याची एक संस्था शोधून काढली आहे. फिरत्या मेंढपाळांच्या मुलींनाच शिष्यवृत्ती देते. अकरावीपासून थेट डॉक्टर होईपर्यंत फी, होस्टेल, पुस्तकं सगळं. अख्ख्या मराठवाड्यातून सहा मुली घेतात. अर्ज गेला. त्याला एक निबंध जोडायचा होता, 'माझे आईवडील काय करतात'. तो तिनं मला दाखवला नाही, मी फाईलमधून काढून वाचला. तिनं लिहिलंय : 'माझी आई नुकतं झालेलं कोकरू लुगड्याच्या पदरात घेऊन चालते. चालता चालता त्याच्या नाकात फुंकर मारते. ते शिंकलं की म्हणते, जगलं.' मॅडम म्हणाल्या, हा निबंध वाचून हिला कोण नाही म्हणणार?

आता एक लहानसं काम. सोबत एक कागद आहे, त्यावर तू आणि दाजींनी सही करायची. प्रांजली आमची मुलगी आहे, आम्ही मेंढरं घेऊन फिरतो, शिक्षणासाठी तिला मामाकडे ठेवली आहे, एवढंच त्यात आहे. शाळेत तिच्या बापाच्या जागी दादांचं आणि आईच्या जागी माझं नाव लागलंय, ते तुला ठाऊकच आहे. आईबाप हजर नाहीत म्हणून त्या वेळच्या गुरुजींनीच तसं लावायला लावलं होतं. त्यामुळे संस्थेकडे जरासा घोळ होऊ शकतो. होणार नाही, पण कागद जवळ असलेला बरा.

अंगठा नको, सही कर.

तुझी वहिनी,
द्वारका


मुकुंदवाडी
रविवार, २१ डिसेंबर २०२५

चि. सौ. सखूस आशीर्वाद.

तुझा कागद बन्सीनं आणून दिला. 'सखूबाई मल्हारी शिंगाडे'. एवढं ठळक लिहिलंयस की मागच्या बाजूनंही वाचता येतं. दाजींनी मात्र अंगठाच दिला. कानटोपीही घालत नाहीत म्हणे.

इथं थंडी बरी आहे. मेथी स्वस्त झाली. शेजारच्या मेघाचं लग्न ठरलं, मुलगा वाळूजला असतो, केस कमी आहेत पण स्वभावानं चांगला वाटतो. दादांच्या गुडघ्याला मी जबरदस्तीनं पट्टा आणलाय. प्रांजलीची पूर्वपरीक्षा जानेवारीत आहे. गणितात गेल्या वेळी पोरगी वर्गात दुसरी आली. पहिली आलेली मुलगी दोन शिकवण्या लावते आणि ही एकही नाही, तेव्हा मी तरी हिलाच पहिली धरते.

परवा फोनवर तू विचारलंस, "वैनी, ते पुण्याचे पाव्हणे यून गेले का वं?" मी म्हणाले, आले, पोहे खाल्ले, चांगलं बोलले. ते खोटं नव्हतं. पोहे खाल्ले त्यांनी.

इथून पुढचं एकटीनं वाच, सखू. रामेश्वर जवळ असेल तर त्याला पाण्याला पाठव.

संस्थेची माणसं घरी येऊन बघून जातात, तशी ती गुरुवारी सकाळी आली. एक बाई आणि एक माणूस. बाईंच्या हातात टॅब होता. अदबीनं वागणारी माणसं, चपला बाहेर काढल्या, खुर्ची देऊनही सतरंजीवर बसली. दादा कामावर होते, पण त्यांचा कंपनीचा गणवेश दोरीवर वाळत होता. त्याच्याकडे त्या माणसाचं दोनदा लक्ष गेलं. मी पोहे दिले. बाईंनी टॅबवर बोट ठेवलं आणि सहज विचारलं, "आई आपणच का?"

मी म्हणाले, "हो."

प्रांजली पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या माझ्या मामी. आई गंगथडीला आहे, मेंढरांबरोबर. निबंधात लिहिलीय ती."

बाई गोंधळल्या. "पण इथं सगळीकडे आई म्हणून द्वारका रामकिसन रुपनर आहे. शाळेच्या दाखल्यावर पण. तुमचंच नाव ना हे?"

"माझंच."

"मग निबंधातली कोण?"

सखू, तुझा कागद माझ्या पाठीमागच्या फळीवर होता, डाळीच्या डब्याखाली. उठायचीही गरज नव्हती. नुसता हात मागं केला असता तर हातात आला असता. तो घेऊन मी म्हणू शकत होते की बाई, हे असं असं झालंय, चूक माझी आहे, पोरीचा यात काही दोष नाही. दुकानात मी रोज लोकांना हेच सांगते, खरं काय ते आधीच सांगून टाका, पुढचं सोपं जातं.

मी म्हणाले, "ती हिची आत्या. माझी नणंद. सुट्टीत हिला तळावर नेती ती, लई लळा आहे पोरीला तिचा."

तुला मी तुझ्याच पोटच्या पोरीची आत्या केलं. तिच्यासमोर केलं.

तो माणूस लिहायचा थांबला. बाईंनी प्रांजलीकडे बघितलं. निबंध लिहिताना मुलं कधी कधी दुसऱ्याचं आपलं म्हणून लिहितात, तसं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्या रागावल्या नाहीत, उलट जरा जास्तच गोड बोलू लागल्या. प्रांजलीनं ग्लास खाली ठेवले. एक थेंब सांडला नाही. मग ती आत गेली. बाईंनी पोहे संपवले, छान झालेत म्हणाल्या आणि निघाल्या. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. कोपऱ्यावर तरी बोलायचं होतंस की, असं तू म्हणशील. मीही वाटभर स्वतःला तेच म्हणत होते. त्यांची रिक्षा निघून गेली.

संध्याकाळी प्रांजलीनं मला एकच विचारलं. "मामी, आत्या का म्हणलीस?"

मी म्हणाले, घाबरले गं. खोटं नाव लावलेलं उघड झालं तर गुन्हा होतो, सगळीकडे माझी सही आहे, माझं दुकानातलं काम जाईल, मामाच्या नोकरीचे शेवटचे महिने आहेत. पोरगी म्हणाली, "बरं." आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं.

घाबरले होते हे खरं आहे. पण ते मी 'आत्या' म्हणाले तेव्हा. त्याच्या आधी बाईंनी 'आई आपणच का' विचारलं तेव्हा मला कसली भीती नव्हती. तेव्हा मी नुसतं उत्तर दिलं. ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून हे पत्र.

आणि आता सांगायलाच बसले आहे तर सगळंच सांगते.

गेल्या वर्षी, प्रांजली नववीत असताना सुकेशनी मॅडमनी घरोघर एक चिठ्ठी पाठवली होती. मुलीचं, बापाचं, आईचं नाव छापलेलं, आणि खाली लिहिलं होतं : नीट तपासा, बोर्डाकडे नावं गेल्यावर बदल होत नाही. तेव्हा बदलता आलं असतं. तुला बोलावून, दाजींना बोलावून, अर्ज करून, धावपळ करून झालं असतं. मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. दुपारी दुकानात नेली, परत आणली. दुसऱ्या दिवशी 'सर्व बरोबर आहे' असं लिहून सही केली. प्रांजलीनं विचारलं होतं, "मामी, ह्याच्यात आईचं नाव लावायचं का आता?" मी म्हणाले, दहावी होऊ दे, मग एकदमच सगळं करू. पोरीला वाटलं मामीला फॉर्ममधलं सगळं कळतं. तिनं फाईल बंद केली.

आणि गुरुजींचं. गुरुजींवर मी दहा वर्षं खोटा आळ घेतला आहे. मागच्या पत्रातही घेतला.

तू तिला माझ्याकडे ठेवून गेलीस त्या जूनमध्ये मी तिला घेऊन शाळेत गेले. तिच्या केसांतल्या जटा काढायला मला दोन दिवस लागले होते. लहानपणी तुझ्याही काढायचे मी, आठवतं? या घरात मी आले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. गुरुजींनी फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, "बापाचं नाव लिहा. बाप फिरता हाय म्हणून काय झालं? खाली पालकाचा रकाना हाय की, तिथं मामाचं टाका." सरळ सांगितलं बिचाऱ्यांनी. कुणी अडवलं नाही, कुणी सक्ती केली नाही. मी बाकावर बसले. पेन माझंच होतं. बापाच्या रकान्यात मी दादांचं नाव लिहिलं, कारण आईच्या रकान्यात मला माझं लिहायचं होतं.

सखू, त्या दिवसापर्यंत मी लोकांचे किती फॉर्म भरले असतील, मोजदाद नाही. प्रत्येक फॉर्मवर तो रकाना असतो. दुसऱ्या बायांची नावं लिहून लिहून माझं बोट दुखायचं. माझं नाव त्या जागी कसं दिसतं ते मला एकदा बघायचं होतं. हे काही कारण आहे का? नाही. पण दुसरं नाही माझ्याकडे.

घरी आल्यावर दादांना सांगितलं. त्यांनी गणवेशाची घडी घातली. मग म्हणाले, "कागदावर हाय ते कागदावरच ऱ्हाऊ दे. पोरीनं मामीच म्हणायचं." म्हणून ती मला मामी म्हणते. दादांनी तेवढं तरी तुझं तुझ्याकडे ठेवलं.

तिच्या जन्माची कुठं नोंद नाही. पैठणच्या पुढं कुणाच्या तरी तुरीच्या रानात तू बाळंत झालीस आणि तिसऱ्या दिवशी चालायला लागलीस. त्यामुळे शाळेचा दाखला हाच तिचा पहिला कागद. आधार त्याच्यावरून काढलं, बँकेचं खातं आधारवरून, रहिवासी त्या दोघांवरून. सगळं मी माझ्या हातानं, एकही चूक न करता.

संस्थेचं अजून काही आलेलं नाही. मी त्यांना फोन करणार आहे. कदाचित काही होईलही. शिव्या द्यायच्या असतील तर बन्सीला सांग, तो तोंडी आणून देईल. मी त्याला चहा पाजीन.

द्वारका


मुकुंदवाडी
रविवार, २५ जानेवारी २०२६

चि. सखूस,

संस्थेनं नाही म्हणून कळवलं. दोन ओळी आहेत. अर्जातली माहिती आणि प्रत्यक्ष माहिती यांत तफावत आहे, उमेदवाराचे कुटुंब मेंढपाळ असल्याचे आढळले नाही. निबंधाबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही. एवढ्या सगळ्या कागदांत तेवढा एकच खरा होता आणि तोच त्यांनी खोटा धरला.

मी गप्प बसले नाही, हे तुला सांगते. फायदा काही झाला नाही, पण बसले नाही. पुण्याला फोन केला, त्याच बाई होत्या. मी सगळं खरं सांगितलं, अगदी गुरुजींच्या बाकापासून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसून एक सांगितलंत, आज फोनवर दुसरं सांगताय. मी यातलं कुठलं धरू?" तुझा कागद पाठवते म्हणाले. त्या म्हणाल्या, आता यादी लागली, सहा मुली घेतल्या. पुढच्या वर्षी भरता येईल का विचारलं. तर एकदा माहिती खोटी निघाली की त्या मुलीचा अर्ज पुन्हा घेत नाहीत. नियम आहे. नियम चांगला आहे गं, मी त्या जागी असते तर मीही हाच ठेवला असता.

मग शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, रजिस्टरमध्ये बदल करायचा तर जन्माचा पुरावा आणा. जन्माचा पुरावा काढायला गेले तर म्हणाले, शाळेचा दाखला आणा. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत तीन दिवस फिरले. जिथं लोकांना मी पाठवते त्याच खिडक्या. आतले बाबू मला ओळखतात, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हेच सांगितलं. दुकानात येणाऱ्या वकिलांना विचारलं. कोर्टातून होऊ शकेल म्हणाले. किती दिवसांत? तर हसले.

सरकारी शिष्यवृत्तीचंही तेच. बाप म्हणून दादा, त्यांची पगाराची चिठ्ठी मर्यादेच्या वर. उन्हाळ्यात पगारच बंद होणार आहे, पण दाखला मागच्या वर्षाचा लागतो. दादा म्हणाले, "मी वॉचमन म्हणून कुठंबी लागतो, शिकवतो पोरीला." प्रांजलीनं त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. पाच-साडेपाच वर्षांचं शिक्षण आहे ते. वॉचमनच्या पगारात कसं बसायचं?

सुकेशनी मॅडम घरी आल्या होत्या. त्या माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयारी करून बसले होते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, नववीत चिठ्ठी दिली होती ना मी? तेव्हा बोलला असता तर मी स्वतः तळावर जाऊन सह्या आणल्या असत्या." आणि डोळे पुसले. तीन वर्षं एका मुलीच्या मागं उभ्या होत्या त्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू ओरडशील म्हणून तुझ्या फोनची वाट बघत होते. तोही आला. रामेश्वरचा स्पीकर बंद होता, पहिल्यांदाच. तू म्हणालीस, "वैनी, मला ठावं व्हतं. त्याच साली गुर्जींला इचारलं व्हतं मी. म्हनलं ऱ्हाऊ दे, नावानं काय झिजतंय का पोर? वैनीच्या जिवाला तेवढंच." आणि वर म्हणालीस, रडू नको, पोर ऐकंल.

तेव्हापासून मला तुझा राग येतोय, सखू. लिहिते आहे ते खरं लिहिते आहे. ठाऊक होतं तर भांडली का नाहीस? माझ्या दारात येऊन, चार माणसांत, केस धरून का भांडली नाहीस? तू मला ते नाव देऊन टाकलंस, जसं तळावरून येताना तुपाचा डबा देतेस तसं, आणि मला सांगितलंही नाहीस. तू एकदा भांडली असतीस तर मी त्याच वर्षी खोडलं असतं. खोडलं असतं की नाही ते मला माहीत नाही. पण तुझ्यावर रागावले की घडीभर माझ्यावरचा कमी होतो, म्हणून रागावते. तेवढं सोस.

प्रांजली जेवते, अभ्यास करते, मला मामी म्हणते. बोलण्यात काही फरक नाही. फक्त एक, आता कुठलाही कागद भरला की तपासायला माझ्याकडे देत नाही. स्वतःच दोनदा वाचते. काल मी विचारलं, बारावीनंतर काय करायचं ठरवलंस? म्हणाली, "बघू. ते पुण्याचं असतं तर ठरलेलं होतं." रागानं नाही म्हणाली. पाऊस नाही आला तर पेरणी नाही, असं दाजी सांगतात ना, तसं सांगितलं.

काल तिचं परीक्षेचं हॉलतिकीट मिळालं. झेरॉक्स काढायला ती दुकानात आली. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच काढली. मशीनमधून कागद गरम येतो. रुपनर प्रांजली रामकिसन. त्याच्या खाली, आईचे नाव : द्वारका. बोर्डाच्या शिक्क्यासकट. तिनं तो माझ्या हातातून घेतला, वाचला नाही, फाईलमध्ये ठेवला आणि म्हणाली, "मामी, जाते. मराठीचा पेपर सोडवायचाय." आणि गेली.

निकाल लागला की गुणपत्रिका येईल. तीवरही हेच छापलेलं असेल. मग कॉलेजात, बँकेत, नोकरीत, लग्नात, जिथं कुठं तिला आईचं नाव विचारतील तिथं तिला माझं लिहावं लागेल, मनात तुझं असताना. मला हेच हवं होतं. दहा वर्षांपूर्वी त्या बाकावर बसून मी एवढंच मागितलं होतं, आणि ते मला सगळंच्या सगळं मिळालं आहे, सखू. आता ते तुला परत देते म्हणते तर घेणारी खिडकी सापडत नाही.

तुझ्या लेकीची मामी,
द्वारका